मूठ

"मूट आणली का?"
सिस्टर अनुन्सिया दर शुक्रवारी विचारायच्या.
बारा वर्षं जालन्यात काढली तरी
त्यांच्या मंगळूरच्या जिभेला ठ काही जमला नाही,
आणि सातवी ब-च्या आम्ही अठ्ठेचाळीस जणांनी
तो सुधारायचा नाही असं ठरवून टाकलं होतं.

दूध पावडरचा रिकामा डबा बाकाबाकांवरून फिरायचा.
डब्याची मॉनिटर मी.
निवडून आलेली, सत्तावीस विरुद्ध एकवीस.
पडला याकोब त्रिभुवन;
त्याचा सगळा प्रचार एवढाच होता: माझी मूठ मोठी आहे.
प्रार्थनेला सगळे डोळे मिटायचे,
मी अर्धेच. डबा दिसला पाहिजे.

मॉनिटरला पुष्कळ कळतं.
पूनम लोयाचा तांदूळ लांब, वासाचा.
रेशनचा गहू कुणाकुणाचा,
कुणाच्या ज्वारीत सोंडे झालेत,
कुणाची आई डाळ देताना हात आखडते
आणि अल्फिया बागवानची नानी
दोन मुठी देते, एक राहून गेलेल्या शुक्रवारची.
शांतवन मगरे बंद मूठ डब्यात घालायचा,
आत उघडायचा, बाहेर काढायचा.
डब्यात काही पडल्याचा आवाज यायचा नाही.
मी त्याच्या नावापुढे टिक करायचे.

शनिवारी अर्धी शाळा.
चॅपलमागच्या ओट्यावर, बदामाखाली, सुपं घेऊन आम्ही पाच जण.
ज्वारी इकडे, गहू तिकडे,
मधे भूगोलाच्या सरांची नक्कल.
धान्य कुणाकडे जायचं ते वर्ग हात वर करून ठरवायचा,
सिस्टर दाराशी उभ्या राहायच्या, हात मागे बांधून.
कधी घंटा देणारे देवदानमामा आजारी,
कधी मोंढ्यात झाडणारी सगुणाबाई.
शेवटच्या सुपाला मला कंटाळा यायचा.
दोनदा पाखडायचं आणि ओतायचं पिशवीत.
खाणाऱ्याला काय कळतंय.

जानेवारीत
रोलिंग मिलमध्ये बाबांच्या पायावर तापलेली सळई आली.
पंधरा दिवस मी शाळेत गेले नाही.
सोळाव्या दिवशी दुपारी
पत्र्याच्या दाराशी याकोब आणि शांतवन,
मधे सायकल, कॅरिअरला सुतळीनं बांधलेली पिशवी.
ती पिशवी मी ओळखली. तिचा फाटका कोपरा
मीच शिवला होता, हिरव्या दोऱ्यानं.
कुणी हात वर केले असतील, कुणी नाही,
मला विचारायचं होतं. विचारलं नाही.
"मूट," शांतवन म्हणाला,
आणि मला खूप दिवसांनी हसू आलं.

"काय बघू राहिली? सूप आण," आई म्हणाली.
"निवडलेलं आहे," मी म्हणाले. वर मान करून.

रात्री खिचडी.
दुसऱ्याच घासाला बाबांच्या दाताखाली
कचकन.
त्यांनी खडा काढला, दिव्यासमोर धरला,
ताटाच्या काठाला ठेवला.
"कुणी निवडलं गं हे?"
"शाळेतल्या लेकरांनी," आई म्हणाली,
"लेकरांच्या हातून राहतंच एखादा."
मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला
आणि बराच वेळ काढला नाही.

सोमवारी मी डबा शांतवनला देऊन टाकला.
मतदान झालं नाही. याकोब थोडा कुरकुरला.

शुक्रवारी डबा माझ्या बाकावर आला.
घरात जे होतं ते याच डब्यातलं,
तेच परत याच्यात कसं टाकायचं,
हे सकाळपासून मला सुटत नव्हतं.
मी मूठ घातली,
आत उघडली,
बाहेर काढली.

शांतवननं पेन्सिल जिभेला लावली
आणि माझ्या नावापुढे टिक केली.